डॅन्डेलियनच्या मुळांचा टायर

जर्मनीतील म्युन्स्टर शहरात मी ज्या सायकलीने रोज कामावर जातो, तिला गेली दोन वर्षे कॉन्टिनेन्टल कंपनीचे ‘अर्बन टाराक्सागम’ टायर आहेत. २०१९ मध्ये बाजारात आलेल्या या टायरसाठीचे नैसर्गिक रबर झाडाच्या चिकापासून नव्हे, तर रशियन डॅन्डेलियन नावाच्या पिवळ्या फुलांच्या छोट्या रोपाच्या मुळांपासून काढलेले आहे, आणि हा टायर घेण्यामागे माझे कारण तेवढेच होते. दुकानदाराने ‘हे नवे खूळ आहे’ असे सांगत तीन आठवडे थांबायला लावले. थांबलो ते बरेच झाले.

चालवताना वेगळे काहीच जाणवत नाही, आणि मला ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. जुन्या शहरातल्या प्रिन्सिपालमार्क्ट या रस्त्याच्या दगडी फरसबंदीवर हादरे बेताचे बसतात, तर शरद ऋतूत प्रोमेनाड या शहराभोवतीच्या सायकलमार्गावर लिंडेनच्या झाडांच्या ओल्या पानांचा थर साचतो तेव्हा वळणावर ब्रेक दाबूनही चाक सरकत नाही. पंक्चर अजून एकदाही झालेले नाही.

अंगणातल्या साध्या डॅन्डेलियनचे मूळ मोडले की पांढरा चीक बोटांना चिकटतो आणि थोड्याच वेळात तपकिरी पडतो, पण त्यात कामाचे रबर फारसे नसते. त्याची कझाकस्तानातली बहीण, म्हणजेच रशियन डॅन्डेलियन, मात्र वेगळी आहे: तिचे वाळलेले मूळ मोडून दोन्ही तुकडे हलकेच ओढले, तर मध्ये रबराचे बारीक तंतू ताणलेले दिसतात. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत शोधपथकांना ती सापडली, दुसऱ्या महायुद्धात तिची शेती झाली आणि पुढे आशियातले रबर स्वस्तात मिळू लागल्यावर ती मागे पडली. म्युन्स्टरमधल्याच फ्राउनहोफर या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांसोबत कंपनीने तिच्यावर पुन्हा काम सुरू केले आणि २०१८ मध्ये ईशान्य जर्मनीतल्या आंक्लाम येथे खास प्रयोगशाळा उघडली.

या खटाटोपाची गरज खरी आहे. जगातले जवळजवळ सारे नैसर्गिक रबर हेव्हिया या एकाच जातीच्या झाडापासून येते आणि त्यातला बहुतांश वाटा आशियाचा आहे. दक्षिण अमेरिकेत बुरशीजन्य करप्याने या झाडाच्या मोठ्या लागवडी टिकू दिल्या नाहीत. तो रोग उद्या आशियात पोहोचला, तर नव्या झाडाला चीक काढण्याजोगे व्हायला सहा-सात वर्षे लागतात, हे केरळच्या कोणत्याही रबर बागायतदाराला ठाऊक आहे. डॅन्डेलियनचे पीक वर्षभरात काढता येते. दुसरा पर्याय म्हणजे मेक्सिकोच्या कोरड्या प्रदेशातले ग्वायुले हे झुडूप, जे आपल्या बांधाबांधांवर माजलेल्या गाजर गवताचे सख्खे भाऊबंद आहे, हे वाचून मी चकित झालो होतो.

मुळे लहान असल्याने एकरी उत्पादन हेव्हियाशी बरोबरी करत नाही आणि रोप तणांपुढे दबते, त्यामुळे हे रबर लगेच स्वस्त होईल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. तरीही शहरात रोज सायकल चालवणाऱ्याने हा टायर निःशंकपणे घ्यावा. माझ्या मागच्या चाकाची नक्षी आता मधोमध झिजत आली आहे; उन्हाळ्यापूर्वी तो बदलावा लागेल आणि मी पुन्हा हाच मागवणार आहे.