जुन्या डिझेल गाडीचं ‘टॅपेट सेटिंग’ आणि आमचे गेलेले पैसे

ज्यांच्याकडे १.३ मल्टिजेट इंजिनाची जुनी डिझेल गाडी आहे त्यांनी हे जरूर वाचावं. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातला, व्हॉल्व्हजवळची फट सांभाळणारा भाग. ती फट हाताने जुळवायचं ‘टॅपेट सेटिंग’ नावाचं काम या इंजिनात मुळात नसतंच, आणि त्याच कामाचे सिंहगड रोडवरच्या एका गॅरेजवाल्याने आमच्याकडून अठराशे रुपये घेतले. वर चुकीचं तेल भरून दिलं ते वेगळंच.

गाडी २०१३ची. पुण्यात थंडी पडायला लागली की रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या स्टार्टला बॉनेटखालून टकटक यायची. डिझेल इंजिन थंडीत खडखडतंच, त्याची सवय असते. हा आवाज वेगळा होता; वरच्या बाजूने येणारा, बारीक, रेस दिली की त्याच तालात वाढणारा. काही सेकंदांत बंद व्हायचा. गॅरेजवाल्याने गाडी ऐकली तेव्हा ती घरापासून चालवत नेलेली, म्हणजे इंजिन गरम. तरी त्याने कपाळाला आठ्या घातल्या. “मॅडम, टॅपेट ढिले झालेत. असंच चालवलं तर हेड उघडावं लागेल, मग पन्नास हजाराच्या खाली काही होत नाही. आत्ता सेटिंग करून घ्या, ऑइल बदलून टाकू, वर एक इम्पोर्टेड ट्रीटमेंट मारतो.” पन्नास हजार ऐकल्यावर अठराशे स्वस्तच वाटतात. हिशोबच तसा मांडलेला असतो.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर इंजिन आधीच चालू करून ठेवलेलं. आवाज नाही. “ऐका, एकदम मक्खन!” कागदावर लिहून दिलं: ऑइल, फिल्टर, टॅपेट सेटिंग, ट्रीटमेंट. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “देतो ना, पण अठरा टक्के जीएसटी वर लागेल.” हा कागदही तो आधी देत नव्हता, मागूनच घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टकटक परत, आणि आधी जी काही सेकंदांत थांबायची ती आता गाडी सोसायटीच्या गेटबाहेर पडेपर्यंत चाललेली. खालच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून म्हणाले, “काय गं, गाडी दुरुस्त करून आणलीस ना?” गॅरेजवाल्याला फोन केला. “नवं ऑइल आहे मॅडम, सेट व्हायला हजार किलोमीटर लागतात.” तेल असं ‘सेट’ होत नाही. ते पहिल्या स्टार्टपासून आपलं काम करतं किंवा करत नाही.

नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांच्या गर्दीत मामेभावाच्या ओळखीचे एक म्हातारे मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडी रात्रभर तिथेच ठेवून घेतली. “थंड आवाज थंड गाडीलाच ऐकायचा, ताई,” एवढंच बोलले. सकाळी गेले तेव्हा बॉनेट उघडून त्यांनी पहिल्यांदा इंजिनाच्या वरच्या झाकणाचे बोल्ट दाखवले. प्रत्येक बोल्टच्या कडेला तेल आणि धूळ मिळून बसलेली काळी खपली, जशीच्या तशी. पाना लागला असता तर ती फुटली असती. म्हणजे झाकण उघडलंच नव्हतं. आणि उघडून तरी काय करणार होता? या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत. आत छोटा पिस्टन, स्प्रिंग आणि एक गोळीचा व्हॉल्व्ह असतो. तेलाच्या दाबाने ते फट आपोआप भरून काढतात. हाताने फिरवून सेट करायचा स्क्रू त्यात नसतोच. तो जुन्या पद्धतीच्या टॅपेटमध्ये असतो, आणि काही इंजिनांत त्याजागी शिम, म्हणजे फट जुळवायच्या पातळ चकत्या असतात. तिथे सेटिंग हे खरं काम आहे, त्यामुळे शब्द ओळखीचा वाटतो आणि संशय येत नाही.

मग तेलाचा फिल्टर. तो ज्यात बसतो त्या घराचं झाकण फिरवून काढलं तर आतला कागद काळाकुट्ट, घड्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि झाकणाचं रबरी रिंग चपटं पडून कडक झालेलं. नव्या फिल्टरबरोबर रिंग नवीन येतं. फिल्टरचे पैसे मात्र कागदावर होते.

तेलाचा ग्रेड, म्हणजे डब्यावर लिहिलेला जाडीचा आकडा, नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, चाचांनीही तसा दावा केला नाही. त्यांनी आमच्या गाडीतलं थंड तेल डिपस्टिकवर घेऊन एका पत्र्यावर सोडलं आणि शेजारी ५डब्ल्यू-३०चं नवं. नवं लगेच खाली धावलं. आमचं काकवीसारखं ओघळत राहिलं. वापरलेलं तेल थोडं फार बदलतं हे धरूनसुद्धा एवढा फरक पडत नाही. त्यात २०डब्ल्यू-५०सारखं जाड तेल आणि वर तेल घट्ट करणारी ती ‘ट्रीटमेंट’ असणार, असा त्यांचा अंदाज, आणि मला तो पटला.

जाड तेलाने संध्याकाळी आवाज का थांबला आणि सकाळी का वाढला, हे यातलं खरं मर्म. गरम इंजिनात ५०चं तेल ३०च्या तेलापेक्षा जाड थर धरतं, बारीकसारीक आवाज दाबून टाकतं. रात्री टॅपेटमधलं तेल हळूहळू खाली उतरतं. सकाळी पंपाला तेच तेल तळाच्या चेंबरमधून वर हेडपर्यंत ढकलायचं असतं. ४० अंशांवर साधारण २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३०च्या अडीच पट तरी जाड असतं, आणि दहा अंशांच्या सकाळी हा फरक आणखी वाढतो. टॅपेट भरायला उशीर, तितका वेळ टकटक, आणि तितका वेळ वरचे भाग कोरडे. “पुण्यात कुठे बर्फ पडतो, पाच डब्ल्यू कशाला?” असं म्हणणारे बरेच भेटतील. पहिला आकडा थंड तेलाच्या प्रवाहाचा, दुसरा १०० अंशांवरच्या जाडीचा. पहिला जितका लहान तितकं तेल सकाळी लवकर वर पोचतं, बर्फ पडो न पडो.

चाचांनी इंजिन गरम करून सगळं तेल काढलं, नवा फिल्टर घातला, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं ५डब्ल्यू-३० भरलं. तीन-सव्वातीन लिटर लागतं. फ्लश वगैरे काही नाही. आता थंड सकाळी सेकंदभर टकटक येते आणि जाते, आणि एवढी या वयाच्या इंजिनाला चालते असं ते म्हणाले. तुमच्या गाडीचं पुस्तक ५डब्ल्यू-४० चालतं म्हणत असेल तर जास्त पळालेल्या इंजिनात तेही बरं. पण एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल असेल आणि तिला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असेल तर नुसता ग्रेड बघून भागत नाही, कमी राखेचं तेल लागतं, नाहीतर फिल्टर चोंदतो.

आणि कोणी काहीही सांगण्याआधी सपाट जागेवर, गाडी थंड असताना डिपस्टिक बघा. पातळी कमी असेल तरी हाच आवाज येतो, आणि हे बघायला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. तेलाचा डबा स्वतः आणा, सील समोर फोडायला लावा, रिकामा डबा भोक पाडून घरी न्या, म्हणजे तो कोणाला पुन्हा भरता येणार नाही. त्या गॅरेजात नावाजलेल्या कंपन्यांचे रिकामे डबे भंगारात न टाकता झाकणांसकट एका पोत्यात नीट रचून ठेवलेले मी पाहिले होते. ते कशासाठी, याचं उत्तर आता मला कोणी द्यायची गरज नाही.

त्या गॅरेजवाल्याकडे परत गेले. म्हटलं, “माझ्यासमोर झाकण उघडा आणि टॅपेटचा सेटिंग स्क्रू दाखवा.” तो बघत राहिला. मग म्हणाला, “तुम्हाला कोणी सांगितलं हे?” आणि गल्ल्यातून अठराशे काढून दिले, वाद न घालता. फिल्टरचे पैसेही कुरकुरत दिले. तेल आणि ट्रीटमेंटवर मात्र अडला, कारण त्याच्या कागदावर नुसतं ‘ऑइल’ लिहिलंय, ना कंपनी ना ग्रेड. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. चाचांनी काढलेलं तेल एका बाटलीत आणि तो काळा फिल्टर पिशवीत बांधून दिलाय, दोन्ही आमच्या माळ्यावर आहेत.