व्हर्टिसिलियमची पावडर खान्देशात: श्रावणात घ्यावी, चैत्रात घेऊ नये

सीताफळाच्या देठापाशी आणि डोळ्यांच्या खाचांत पांढरा कापूस दिसू लागला की कृषी केंद्रातून हमखास हातात पडणारे पाकीट म्हणजे व्हर्टिसिलियम लेकॅनी. मिलीबगवर, म्हणजे पुस्तकातल्या पिठ्या ढेकणावर, सहज मिळणारे जैविक औषध हेच. हे परीक्षण कोणा एका कंपनीच्या पाकिटाचे नाही. १.१५ टक्के डब्ल्यूपी (वेटेबल पावडर, म्हणजे पाण्यात कालवायची भुकटी) असे छापून जी पावडर विकली जाते, तिचे आहे. बनवणारे बदलतात, पण पावडरीचा गुण आणि तिची खोड तीच राहते.

मत आधीच सांगून टाकतो. आषाढ ते भाद्रपद या काळात, सीताफळावर, नीट पद्धतीने मारली तर पाचपैकी चार गुण. मार्च ते मे या काळात, कुठल्याही पिकावर, एक गुण देणेही जिवावर येते. फरक पावडरीत नाही, आपल्याकडच्या हवेत आहे.

पाकिटात असते ती जिवंत बुरशी, तिचे बीजाणू आणि त्यांना वाहून नेणारी टाल्कसारखी भुकटी. बीजाणूंची संख्या ग्रॅममागे किमान १० कोटी असावी लागते. नव्या पाकिटावर लेकॅनिसिलियम लिहिलेले दिसले तर गोंधळू नये, बुरशी तीच आहे, शास्त्रातले नाव बदलले आहे. ही बुरशी किडीच्या पोटातून काम करत नाही. बीजाणू अंगावर पडला पाहिजे, तिथे रुजला पाहिजे, कातडी भेदून आत शिरला पाहिजे. मग कीड मरायला ७ ते १० दिवस लागतात. रुजण्यासाठी त्याला बरेच तास ओलसर हवा लागते आणि तापमान २० ते २८ अंशांच्या आसपास लागते. पारा ३५ च्या वर गेला की वाढ जवळजवळ थांबते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत पानावर पडलेला बीजाणू रुजण्याआधीच वाळतो. उन्हाळ्यात बहार धरलेल्या बागांना म्हणूनच या पावडरीचा उपयोग नाही, मग दुकानदार काहीही सांगो.

आता प्रमाण, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. एकरी १ किलो हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. तो हिशोब कपाशीचा आहे, एकरी २०० लिटर पाण्याचा, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम. फळबागेत पाणी जास्त लागते. ५ बाय ५ मीटरवर लावलेल्या सीताफळाची एकरी १६० झाडे बसतात. मध्यम वाढीच्या झाडाला आतून-बाहेरून भिजवायला ३ लिटर धरले तर ४८० लिटर पाणी झाले. लिटरला ५ ग्रॅमने २ किलो ४०० ग्रॅम पावडर लागते. एकच किलो ४८० लिटरमध्ये टाकली की प्रमाण निम्म्याच्याही खाली जाते, आणि मग ‘जैविकने काही होत नाही’ असे बोलले जाते. खर्च झेपत नसेल तर सगळ्या बागेवर पातळ मारण्यापेक्षा लागण झालेली झाडे आणि त्यांच्या शेजारच्या ओळी निवडून पूर्ण प्रमाणात माराव्यात. मिलीबग उडत नाही (पंख फक्त नराला असतात), त्यामुळे सुरुवातीला तो ठिपक्याठिपक्यानेच असतो आणि ही निवड जमते.

कालवताना पावडर थेट टाकीत ओतू नये. बादलीत थोड्या पाण्यात पेस्ट करावी, सुती कापडातून गाळावी, मग टाकीत सोडावी. न गाळलेली भुकटी नोझल धरते आणि माणूस चिडून नोझलचे भोक मोठे करतो. मग फवारा न पडता धार पडते. दहा लिटरला ५० मिली दूध घालायची पद्धत आहे, ती ठेवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्टिकर, म्हणजे फवारा पसरवून चिकटवून ठेवणारे द्रव. मिलीबगच्या अंगावर मेणाचे आवरण असते, साधे पाणी त्यावरून घरंगळते. लिटरला अर्धा ते एक मिली चांगला सिलिकॉन किंवा नॉन-आयोनिक स्टिकर नसेल तर पावडर किडीपर्यंत पोचतच नाही. आवरण फार जाड झाले असेल, म्हणजे कापसाचे गोळेच बसले असतील, तर दोन-तीन दिवस आधी फिश ऑइल रोझिन सोप लिटरला २० ते २५ ग्रॅमने मारून मेण सैल करावे. दोन्ही एकाच टाकीत कालवण्याचा मोह टाळावा.

फवारणी संध्याकाळी पाचनंतर. उन्हातली अतिनील किरणे बीजाणू मारतात, आणि रात्रीचा ओलावा आयता मिळतो. जमीन ओली असताना, पाऊस उघडल्यावर मारलेली फवारणी सगळ्यात चांगली लागते. लगेच सर आली तर मात्र धुऊन जाते. पंपाचा दाब पुरेसा ठेवून नोझल फांद्यांच्या आत घालावे, फळाची देठाकडची बाजू, दोन फळे चिकटतात ती फट आणि पानांची खालची बाजू भिजली पाहिजे. बाहेरून वरवर ओवाळलेला फवारा दिसायला छान, उपयोगाचा शून्य.

एका फवारणीवर थांबू नये. मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते, पिशवीतल्या अंड्यांपर्यंत बुरशी पोचत नाही. आठवडाभरात त्यातून रांगणारी पिल्ले निघतात, त्यांच्या अंगावर मेण अजून कमी असते, आणि हीच बुरशीची खरी संधी. ८ ते १० दिवसांच्या अंतराने दोन, प्रादुर्भाव जास्त असेल तर तीन फवारण्या धराव्यात.

या पावडरीला मारणारी गोष्ट बहुतेक वेळा त्याच बागेत, त्याच शेडमध्ये ठेवलेली असते: बुरशीनाशक. पावसाळ्यात फळावर काळे डाग आले की कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेब, कॉपर किंवा बोर्डो मारले जाते. व्हर्टिसिलियम स्वतः बुरशी आहे, ती त्यातून वाचणार कशी? दोन्हींत किमान ८ दिवसांचे अंतर ठेवावे आणि टाकी, पाइप, गन साबणाने धुऊन मगच पावडर भरावी. तळाशी उरलेले लिटरभर बोर्डोही पुढची टाकी बाद करायला पुरते.

मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय पावडर विकत घेणे म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरणे. मिलीबग गोड चिकट स्राव सोडतो, त्यावर काळी कोळशी चढते, आणि त्याच गोडीसाठी मुंग्या त्याची राखण करतात, मित्रकिडी हाकलतात, पिल्ले नव्या फांदीवर नेऊन सोडतात. खोडाला जमिनीपासून फूटभर उंचीवर १५ ते २० सेंटिमीटर रुंदीची प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधावी आणि तिच्यावर ग्रीस लावावे. सालीवर थेट ग्रीस लावू नये, साल जळते. सालीच्या खाचेतून पट्टीखाली वाट राहिली तर मुंग्या तिथूनच चढतात, म्हणून खालची कड चिखलाने लिंपावी. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, नाहीतर पट्टी बांधूनही मुंग्यांना पूल तयारच असतो. आपल्याकडची धूळ ग्रीसवर बसून थर धरते, त्यामुळे पंधरवड्याला बोट लावून बघावे, चिकट लागत नसेल तर नवा हात द्यावा.

काम झाले की नाही हे ओळखणेही सोपे नाही, कारण कीडही पांढरी आणि बुरशीही पांढरी. दहाव्या दिवशी काडीने दाबून बघावे. जिवंत मिलीबगमधून ओला रस निघतो, गुलाबी जातीचा तर लालसर. बुरशीने मेलेला कोरडा, पिवळट-तपकिरी असतो, त्याभोवती तंतूंची झालर दिसते आणि तो पानाला चिकटून राहतो. इथे एक चूक फार होते. क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळीही पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेली असते आणि मोठ्या मिलीबगसारखी दिसते. पण ती झुपकेदार असते आणि चटचट चालते, मिलीबग सुस्त असतो. ती खरे तर मिलीबग खाणारी आहे. तिला कीड समजून दुसरे कडक औषध आणू नये. हे ढालकिडे मिळत असतील तर एकरी ६०० सोडण्याची शिफारस आहे आणि दाट फांद्यांच्या बागेत पावडरीला त्यांची चांगली जोड मिळते.

पपईसाठी ही पावडर आम्ही सुचवत नाही. शहादा-तळोद्याकडे पपईवरचा मिलीबग जोर धरतो तो कोरड्या गरम दिवसांत, नेमका बुरशीला न मानवणाऱ्या काळात. शिवाय साबण किंवा तेलाचे प्रमाण थोडे चढले की पपईचे पान करपते. ही कीड भारतात २००८ मध्ये कोइमतूरला आढळली आणि २०१० मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्टो रिकोहून असेरोफॅगस पपाये ही चिमुकली गांधीलमाशी आणून सोडली. तिने जे काम केले ते कुठल्याही पाकिटाला जमलेले नाही. मेलेल्या मिलीबगच्या फुगीर, कडक सालीवर बारीक गोल भोक दिसले तर समजावे की अशी माशी बागेत आहे. तिथे कीटकनाशक मारू नये. जास्त भरलेली फळे-पाने पिशवीत घालून काढावीत, खोल पुरावीत, आणि बांधावरचे गाजरगवत उपटावे, कारण ते या किडीचे माहेरघर आहे. सीताफळवाल्यांनीही बांधावर रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या बागेपासून दूर न्याव्यात, गुलाबी मिलीबग कपाशीवरही जगतो.

खरेदीच्या वेळी भावाआधी उत्पादनाची तारीख बघावी. मुदत वर्षाची लिहिलेली असली तरी सहा महिन्यांच्या आतला माल मागावा. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात काढलेले पाकीट जुलैत तारखेने ताजे दिसते, पण आतले बीजाणू बरेचसे मेलेले असतात. दुकानात पाकीट कुठे ठेवले होते हे विचारायला लाजू नये. शंका असेल तर उकडलेल्या बटाट्याच्या चकतीवर चिमूटभर पावडर भुरभुरून झाकणाच्या डब्यात, सावलीत पाच-सहा दिवस ठेवावी. पांढरी मऊ वाढ आली तर माल जिवंत आहे. काहीच न आल्यास मेलेला, हिरवी-काळी बुरशी चढल्यास भेसळलेला. शुद्धतेचा पक्का दाखला यातून मिळत नाही, पण मेलेले पाकीट बागेत जाण्याआधी कळते. कालवलेली पावडर त्याच संध्याकाळी संपवावी. फोडलेले पाकीट घट्ट बांधून माठाशेजारच्या थंड कोपऱ्यात ठेवावे आणि पुढच्या फवारणीतच वापरून टाकावे, पुढच्या बहारासाठी राखू नये.