दुर्बिणीतून हर्नियाचं ऑपरेशन: आठ महिन्यांनी लिहितोय

माझं हार्डवेअरचं दुकान आहे त्यामुळे उचलाउचल रोजचीच. सव्वादोन वर्षांपूर्वी उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा दिसायला लागला, उभं राहिलं की बाहेर, आडवं झालं की गायब. दुखत नव्हतं म्हणून मेडिकलमधून पट्टा आणला आणि दीड वर्ष तोच कसून बांधत बसलो. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीला पडलेलं भोक, पट्ट्याने ते बुजत नाही हो, नुसतं दाबून राहतं, पण हे मला कळायला दीड वर्ष लागलं.

सर्जनने उभं करून खोकायला लावलं आणि म्हणाले डावीकडे पण आहे, छोटा. तिथेच माझा निर्णय झाला. त्यांनी सरळ सांगितलं की एकाच बाजूचा असता तर कमरेत इंजेक्शन देऊन, बाहेरून चीर देऊन भोकावर जाळी बसवली तरी चांगलंच होतं आणि खर्चही कमी, पण दोन्हीकडे असेल तर दुर्बिणीतून त्याच तीन भोकांतून दोन्ही होतात. एक बेंबीखाली सेंटिमीटरभर आणि त्याच्याखाली दोन, ५ मिलिमीटरची. माझं टीईपी पद्धतीने झालं, म्हणजे पोटाच्या पोकळीत न शिरता भिंतीच्या थरांमध्येच गॅस भरून जागा करतात आणि स्नायूंच्या मागून जाळी पसरतात, १५ बाय १० सेंटिमीटरची एकेक, दोन्हीकडे. जाळी एवढी मोठी असते हे ऐकून मी गारच पडलो होतो. भूल मात्र सहसा पूर्ण द्यावी लागते.

ऑपरेशनचं काहीच वाटलं नाही, खरी गंमत नंतर. संध्याकाळी लघवीच होईना, सिस्टर नळी घालू म्हणाल्या तसा मी भीतीने उठून बाथरूममध्ये नळ सोडून वीस मिनिटं उभा राहिलो आणि झाली एकदाची. दुसऱ्या दिवशी घरी. तिसऱ्या दिवशी खालचा सगळा भाग जांभळा-काळा, बायकोला दाखवायची पण लाज. फोन केला तर म्हणे रक्त खाली उतरतं, जाईल आपोआप. हे आधी सांगायला काय होतं?

आणि दहाव्या दिवशी त्याच जागी परत गाठ! मी धरूनच चाललो की जाळी सटकली, पैसे पाण्यात. सर्जनने परत खोकायला लावलं, गाठ हलली नाही, म्हणजे हर्निया नाही, हर्निया होता त्या रिकाम्या जागेत पाणी साठलंय, सुई घालायची नाही, थांबायचं. दीड महिन्यात विरलं. त्या दीड महिन्यात मी दिवसातून दहा वेळा चाचपून बघत होतो ते वेगळंच.

पेनकिलरने पोट कडक होतं, पहिल्या दिवसापासून रात्री इसबगोल घ्या, जोर करायची वेळ आणू नका. शिंक आली की पोटावर उशी दाबायची. चालणं त्याच संध्याकाळी, स्कूटर दहा-बारा दिवसांनी, दुकानात गल्ल्यावर दोन आठवड्यांनी. वजन मात्र सहा आठवडे नाही उचललं. पोरगा वैतागला, पण सिमेंटच्या गोण्या त्यानेच उतरवल्या.

आरोग्य विम्याची पॉलिसी जुनी असल्याने कॅशलेस झालं, माझ्या पॉलिसीत हर्नियाला पहिली दोन वर्षं कव्हर नव्हतं, तुमची आधी वाचा. हातमोजे, ड्रेसिंग असल्या किरकोळ वस्तूंचं बिल शेवटी खिशातूनच गेलं आणि डिस्चार्जच्या टेबलावर त्यावरून माझी वादावादी झाली.

आता आठ महिने. उजव्या मांडीच्या बाहेरून थोडा भाग बधीर होता तो तिसऱ्या महिन्यात सुटला. दिवसभर काउंटरला उभं राहिलं तर आत कुठेतरी ओढल्यासारखं होतं अजून, पण गोळी घ्यावी असं नाही. २० लिटरची रंगाची बादली बिनधास्त उचलतो.

गाठ आत जाईना, कडक झाली, जोडीला उलट्या आणि पोटात कळ आली तर पट्टा-बिट्टा बाजूला ठेवून तसंच हॉस्पिटल गाठा, आतडं अडकलेलं असू शकतं, त्यात तास मोजतात.

माझा तो पट्टा अजून कपाटात आहे. परवा शेजारच्या काकांनी मागितला, त्यांनाही जांघेत तसंच काहीतरी आलंय. मी म्हटलं देत नाही, आधी सर्जनला दाखवून या. तेव्हापासून बोलत नाहीयेत.