चार इंची ग्राइंडर, काळा दगड आणि तो स्लाइड स्विच (बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर)

लिहायला बसले कारण गेल्या आठवड्यात दगड कापायचा हातातला ग्राइंडर बंदच होईना. शहाबादी कापत होते, काप संपला, अंगठ्यानं स्विच मागे ओढला तर तो जागचा हलेना आणि मशीन ११,००० आरपीएमनं फिरतंय. दोन्ही हातांनी घट्ट धरून मुलाला हाक मारली, त्यानं प्लग उपटला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या किमतीत बहुतेक मशीनना असाच स्विच येतो, म्हणजे हा प्रश्न सगळ्यांचाच आहे.

सर्व्हिस सेंटरवाल्यानं उघडून आतली पिठासारखी पांढरी धूळ दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, दगडाचं काम वॉरंटीत बसत नाही." मी बॉक्स सोबत नेला होता, त्यावर डायमंड ब्लेडनं फरशी कापतानाचा फोटो आहे, तो दाखवला. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण वॉरंटी काही दिली नाही. शेवटी गावातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्यानं दीडशे रुपयांत नवा स्विच बसवला, मोटरचे झिजणारे कार्बन ब्रशही बदलून दिले. दीडशे रुपयांसाठी दोन फेऱ्या आणि एवढा वाद, याचा राग अजून गेलेला नाही.

आणि धुळीनं स्विच अडकणं हा अर्धाच भाग. आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला लाइट कधीही जाते. स्लाइड स्विच पुढे लॉक असताना लाइट गेली, आपण मशीन खाली ठेवलं, चहाला गेलो आणि लाइट आली की ग्राइंडर आपोआप सुरू होऊन अंगणात उड्या मारणार. लाइट गेली की आधी प्लग काढायचा, ही सवय घरात सगळ्यांना लावलीय. पॅडल स्विचवालं मशीन हात सुटला की बंद होतं, थोडं महाग असतं. दगडासाठी घेत असाल तर वॅट आणि वजन नंतर बघा, आधी स्विच बघा.

आता मशीनबद्दल. सुरुवातीला मी याला पाचपैकी दोनच दिले असते, कारण काळ्या दगडात ते चालतच नव्हतं, नुसता धूर आणि ठिणग्या. दोष मशीनचा नव्हता, ब्लेडचा होता. डायमंड ब्लेडला धार नसते, धातूत बसवलेले हिऱ्याचे कण दगड घासत जातात, धातू झिजला की आतले नवे कण वर येतात. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, तो इतका घट्ट की कण गुळगुळीत होतात पण धातू झिजत नाही, मग ब्लेड नुसतं सरकतं. इलाज फुकटाचा आहे, एखाद्या विटेत किंवा सिमेंटच्या ब्लॉकमध्ये चार-पाच काप घ्यायचे, ब्लेड परत चालायला लागतं. हे कळण्याआधी मी ते फेकून नवं आणणार होते. कठीण दगडासाठी मऊ धातूचं ब्लेड लागतं, दुकानात 'ग्रॅनाइटचं द्या' म्हणून मागायचं. आणि बऱ्याच ब्लेडचं भोक २० मिमीचं असतं, चार इंची ग्राइंडरला १६ लागतं, भोक लहान करणारी मधली रिंग नीट बसलीय का ते हातानं फिरवून बघा.

शहाबादी आणि कोटा दोन्ही चुनखडीचे, लोण्यासारखे जातात, पायवाटेच्या फरश्या अर्ध्या दिवसात होतात. रत्नागिरीहून आणलेला जांभा त्याहून सोपा, ताजा असताना मऊ असतो आणि उघड्यावर राहिला की कडक होतो, म्हणून आणल्या आणल्या घडवून घेतला. चार इंची ब्लेड जेमतेम इंचभर आत जातं, जाड दगड त्यानं आरपार कापता येत नाही.

इथेच माझं मत बदललं. शेजारच्या बांधकामावर एक वडारकाका काम करत होते, त्यांनी माझं काम बघून सांगितलं, "ताई, मशीननं रेघ मारा, तोडायचं काम छिन्नीला द्या." चारी बाजूंनी पाच-सहा मिमी खोल रेघ, दगड वाळूच्या ढिगावर, मग रेघेवरून हलके हलके ठोके देत गोल फिरायचं. जोर नाही लावायचा. आवाज बदलतो आणि दगड रेघेवरच फुटतो. दगड निवडतानाही ते हातोडीनं वाजवून बघतात, खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत चीर आहे. पांढऱ्या गारगोट्यांचे ठिपके असलेला काळा दगड कडेला वेडावाकडा तुटतो, तो मी आता घेतच नाही. पक्ष्यांच्या पाण्याचं कुंड असंच केलं, ग्राइंडरनं उभे-आडवे काप आणि मधल्या पाकळ्या छिन्नीनं उडवल्या. छिन्नी लोहाराकडून शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून धार लावून घेतली की नव्यासारखी होते, त्यामुळे नवीचा खर्च नाहीच.

धुळीचं मनापासून सांगते. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) भरपूर असतं, ती बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, किमान एन-९५ मास्क लावा, गॉगल लावा, ब्लेडवरचं गार्ड काढू नका. ग्राइंडरवर पाणी सोडायचं नाही, मोटरमध्ये पाणी गेलं तर आपल्याला शॉक बसू शकतो. मी दगड आधी भिजवून ठेवते आणि त्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावून घेतलाय.

आज पाचपैकी साडेतीन देईन. कापलेल्या दीड गुणांपैकी अर्धा स्विचचा, बाकी सर्व्हिस सेंटरचा. पॅडल स्विचवालं चार इंची कुणी दगडासाठी रोज वापरत असेल तर त्यातही धूळ शिरते का तेवढं लिहा, दिवाळीच्या आधी घ्यायचं ठरवतेय.