छोट्या सीएनसी राउटरसाठी स्टेपर मोटर की सर्व्हो मोटर?

सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कोरीवकाम व कापणी करणारे यंत्र, नव्याने बांधणाऱ्याला हा प्रश्न हमखास पडतो. खर्च आणि जोडणीचा खटाटोप स्टेपरमध्ये निश्चितच कमी असतो. अचूकतेचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा: सर्वसाधारण स्टेपर १.८ अंशांच्या २०० पावलांत एक फेरा पूर्ण करते, पण एन्कोडर (मोटर प्रत्यक्षात किती फिरली हे मोजणारा भाग) नसेल तर भार वाढून पावले चुकल्याचे नियंत्रकाला कळतच नाही आणि पुढचे सारे काम जागेवरून सरकते. सर्व्हो आपली प्रत्यक्ष स्थिती सतत तपासून चूक सुधारते. शिवाय वेग वाढल्यावर स्टेपरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) झपाट्याने घटतो, तर सर्व्होचा निर्धारित वेगापर्यंत जवळपास टिकतो. मात्र सर्व्होचे ट्यूनिंग (यंत्राच्या भारानुसार तिच्या नियंत्रणाची जुळवणी) जाणकाराकडूनच करून घ्यावे. हलका, ठरावीक भार आणि मंद गती असल्यास स्टेपर पुरेशी आहे. बदलता भार, जलद हालचाल आणि दिवसभराचे उत्पादन असेल, तर सर्व्होच घ्यावी.