भिंत, जोडी की बिनड्रिबलचा गेम? बास्केटबॉलच्या पासिंग-कॅचिंगसाठी काय निवडायचं

पोरं पंधरा, बॉल तीन आणि अंधार पडेपर्यंत जेमतेम तासभर. जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच शाळांच्या टीमचं गणित असंच असतं, मग त्यात पासिंग-कॅचिंगला कसं बसवायचं?

भिंत सगळ्यात स्वस्त. खडूनं चौकोन काढा आणि पोराला त्यावर बॉल मारू द्या, चेस्ट पासमध्ये (छातीपासून दोन्ही हातांनी ढकललेला पास) शेवटी तळवे बाहेर अन् अंगठे खाली जातायत का, डाव्या हातानं नेम बसतो का, हे सगळं एकट्यानंच सुधारतं. पण कॅचिंगच्या बाबतीत भिंत फसवी आहे भो! बॉल कधी अन् कुठून येणार हे पोराला आधीच माहीत असतं, त्यानंच मारलेला असतो ना. म्हणून भिंत घरच्या अभ्यासाला द्या, ग्राउंडचा वेळ तिच्यावर घालवू नका.

जोडीत निदान समोर माणूस असतो. तरी एका जागी उभं राहून पन्नास-पन्नास पास म्हणजे नुसता टाइमपास. कोर्टची रुंदी १५ मीटर आहे, तेवढ्यात दोघांना पळत पास करायला लावा. घेणाऱ्यानं हात दाखवायचा, दहाही बोटं पसरायची, बॉलकडं एक पाऊल पुढं यायचं आणि दोन्ही पायांवर थांबायचं, नाहीतर ट्रॅव्हलिंग (बॉल हातात धरून जास्त पावलं टाकण्याची चूक) ठरलेलं. बाउन्स पासचा टप्पा देणाऱ्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर पाडायचा. फक्त जोड्या रोज बदला, जिगरी दोस्त एकमेकांना सोपेच पास देतात.

माझं मत विचाराल तर अर्ध्याहून जास्त वेळ बिनड्रिबलच्या गेमला. ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत नेणं, बंद केलं की बॉलवाल्याकडं पास नाहीतर शॉट एवढंच उरतं, बाकीच्यांना मोकळं व्हावंच लागतं, डिफेंडरचा हात मध्ये आला की फेक (पास देण्याचं नुसतं सोंग) आपोआप सुचतो, आणि मॅचमध्ये अंगाला चिकटून गार्ड केलं तर ५ सेकंदांत काहीतरी करावंच लागतं, त्याचीही सवय होते. तोटा एकच, नवी पोरं गुळाला मुंगळे लागावेत तशी बॉलभोवती जमतात आणि ज्याला कॅच जमत नाही त्याला कोणी पासच देत नाही. त्यावर सोपं, तीन विरुद्ध तीन सोडून तीन विरुद्ध दोन खेळवा, कच्च्या पोराला तिघांत ठेवा. पंधरा पोरांचे पाच-पाचचे तीन गट आणि प्रत्येकाला एक बॉल, कोणी रिकामं बसत नाही.

बारा वर्षांखालच्यांना ७ नंबरचा बॉल मात्र देऊ नका, त्यांना ५ नंबर, मोठ्या मुलींना ६. मोठा बॉल बोटांवर दोन-तीनदा आदळला की पोरगं डोळे मिटायला लागतं, मग कुठलंही ड्रिल घ्या, कॅच होत नाही. आणि मे महिन्यात उन्हात पडलेला बॉल हवा फुगून दगडासारखा कडक होतो, तेव्हा प्रॅक्टिस सकाळी सहालाच उरका.