रक्ताचा कर्करोग आणि लिव्हरमधले डाग: सोनोग्राफी पुरेल, की सीटी-एमआरआय लागेल?

‘लिव्हरमध्ये दोन-तीन लहान काळसर डाग.’ सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये एवढी ओळ आली की ल्युकेमिया किंवा लिम्फोमाच्या पेशंटच्या घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, आजार लिव्हरमध्ये पसरला का? आणि लगेच दुसरा, आता कुठला स्कॅन करायचा? मी रोज प्रोब हातात धरणारी डॉक्टर आहे. माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठलं मशीन भारी यावर ठरत नाही. पेशंटचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची (मुख्यतः पांढऱ्या पेशींची) संख्या, आज किती आहेत, किडनी कशी चालते आहे आणि शंका नेमकी कशाची आहे, यावर ते ठरतं.

कारण डाग म्हणजे कर्करोगच असं नाही. लिम्फोमाची गाठ काळसर दिसते, तसाच बुरशीचा फोडही काळसर दिसतो. स्टेरॉइड किंवा अ‍ॅस्परॅजिनेज या ल्युकेमियाच्या औषधामुळे लिव्हरमध्ये चरबी साठते, तेव्हा चरबी न साठलेला एखादा कोपरा हुबेहूब गाठीसारखा दिसू शकतो. जन्मापासून असलेली रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठही अशा वेळी पहिल्यांदाच नजरेस पडते.

साध्या सोनोग्राफीचं मोठेपण असं की मशीन पेशंटच्या खाटेपाशी येतं. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या माणसाला आयसोलेशनमधून हलवावं लागत नाही. रेडिएशन नाही, सुई नाही, आठवड्यात तीनदा केली तरी नुकसान नाही. उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. डायफ्रामखालचा (छाती-पोटामधल्या पडद्याखालचा) लिव्हरचा वरचा भाग नीट दिसत नाही, पोटातला गॅस आड येतो, चरबी असेल तर खोलवरचं अंधुक होतं. पेशंटला खोल श्वास घेऊन धरता आला नाही, तर बराच भाग बरगड्यांआडच राहतो. आणि बघणाऱ्या हातावर खूप काही अवलंबून असतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो बुरशीच्या संसर्गात, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. अ‍ॅक्यूट ल्युकेमियाच्या केमोनंतर काउंट बरेच दिवस शून्याजवळ राहतात, तेव्हा कॅन्डिडा ही बुरशी लिव्हर आणि प्लीहेत घर करू शकते. पण डाग तयार होतात ते शरीराच्या पेशी तिच्याशी लढायला लागल्या की. म्हणून काउंट खाली असताना केलेली सोनोग्राफी नॉर्मल येऊ शकते, आणि काउंट वर आल्यावर, ताप उतरायला हवा तेव्हाच तो रेंगाळतो, उजव्या बरगडीखाली दुखतं, रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज हे लिव्हरचं एन्झाइम वाढतं आणि डाग दिसू लागतात. कधी चाकात चाक असावं तसं चित्र दिसतं: मधोमध काळा ठिपका, त्याभोवती उजळ कडं, बाहेर पुन्हा काळी कड. बहुतेक वेळा मात्र नुसते लहान काळे ठिपकेच असतात. ब्लड कल्चर (रक्तातून जंतू वाढतात का, हे बघणारी तपासणी) पुष्कळदा निगेटिव्ह असतं. त्यामुळे काउंट खाली असतानाचा नॉर्मल रिपोर्ट हातात धरून ‘लिव्हर साफ आहे’ असं समजू नका. काउंट वर आल्यावर सोनोग्राफी पुन्हा करून घ्या. ती नॉर्मल आली आणि ताप तसाच राहिला, तर एमआरआय मागा. इतके बारीक फोड पकडण्यात एमआरआय सोनोग्राफी आणि सीटी या दोन्हींच्या पुढे आहे.

सीटीत चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते आयोडीनचं औषध आणि रेडिएशन एमआरआयला लागत नाही, पण अर्धा-पाऊण तास आत स्थिर पडून सांगितलं तसा श्वास धरावा लागतो. आणखी एक गोष्ट घरच्यांनी आवर्जून सांगावी: आजवर रक्ताच्या किती पिशव्या लागल्या. प्रत्येक पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते लिव्हरमध्ये साठत राहतं. साठा फार झाला की एमआरआयमध्ये लिव्हर काळंकुट्ट दिसतं आणि चित्र वाचणं अवघड होतं.

सीटीचा खरा फायदा वेग. काही मिनिटांत छाती आणि पोट दोन्ही होतात, आणि बुरशीची शंका असताना फुप्फुसं बघणं गरजेचंच असतं. पण पोटाच्या एका सीटीला सुमारे ८ ते १० मिलिसिव्हर्ट रेडिएशन लागतं, आणि अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाने आधीच दमलेल्या किडनीवर आयोडीनच्या औषधाचा भार टाकावा का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं.

किडनी नाजूक असेल आणि डाग सोनोग्राफीत स्पष्ट दिसत असेल, तर माझी पसंती कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीला. शिरेतून वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात, लाल पेशीपेक्षाही लहान. ते किडनीतून जात नाहीत, त्यांतला वायू श्वासावाटे बाहेर पडतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात गाठ कशी उजळते आणि दोन मिनिटांनंतर आजूबाजूच्या लिव्हरच्या तुलनेत काळवंडते का, हे पडद्यावर समोरच बघता येतं. कडेकडेने भरत जाऊन शेवटपर्यंत उजळ राहिली, तर ती बहुधा रक्तवाहिन्यांची साधी गाठ. काळवंडली तर काळजी. पण लिम्फोमा आणि संसर्ग दोन्ही काळवंडू शकतात, तेव्हा या तपासणीवर निदानाचं नाव ठरत नाही. शिवाय एका इंजेक्शनमध्ये नीट एकच डाग बघता येतो.

पेट-सीटीत शिरेतून दिलेली किरणोत्सारी साखर जिथे जास्त खेचली जाते, तो भाग चमकतो. लिम्फोमा कुठवर पसरला हे ठरवायला (स्टेजिंग) ती उत्तम, पण संसर्गही साखर खेचतो. लिव्हरमध्ये चमकलं म्हणजे कर्करोगच, असं नाही.

कुठल्याच चित्रावरून नक्की होत नसेल तर बायोप्सी, आणि तिथे सोनोग्राफी पुन्हा पुढे येते: सुईचं टोक डागात शिरताना डोळ्यांसमोर दिसतं. प्लेटलेट साधारण ५०,००० च्या वर असाव्या लागतात. कमी असतील तर मानेच्या शिरेतून लिव्हरचा तुकडा घेता येतो, पण त्या वाटेने ठरावीक डागापर्यंत पोचणं कठीण. लिव्हरभर पसरलेल्या आजारासाठी ती वाट चांगली, एका छोट्या डागासाठी नाही.

निदान बुरशीचं ठरलं तर औषध सहसा काही महिने चालतं, डाग विरेपर्यंत किंवा त्यांत चुना साठून ते पांढरे ठिपके होईपर्यंत. त्यासाठी पुढची केमो बहुधा थांबवावी लागत नाही. मात्र काउंट पुन्हा पडले की डाग दिसेनासे होऊ शकतात, तेव्हा त्या दिवसांतला साफ रिपोर्ट बघून औषध बंद करू नका. प्रत्येक फेरीला आधीच्या चित्रांची सीडी बरोबर न्या आणि शक्यतो त्याच डॉक्टरांकडून तोच डाग मोजून घ्या.